सोळा किलो उतरले, तरीही निराशा

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० स्थूल स्त्रिया होत्या. वजन कमी करण्याचा त्यांचा कार्यक्रम ४८ आठवडे चालला. तो सुरू होण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकीला विचारलं होतं : किती वजन उतरलं तर स्वप्न पुरं झालं असं वाटेल? कितीवर आनंद होईल? किती झालं तर ‘ठीक आहे, चालेल’ म्हणाल? आणि किती झालं तर निराशा होईल? सरासरी उत्तरं अशी आली : ३८ किलो म्हणजे स्वप्न, ३१ किलो म्हणजे आनंद, २५ किलो चालतील आणि १७ किलो म्हणजे निराशा.

४८ आठवड्यांनंतर सरासरी १६ किलो वजन उतरलं होतं. ४७ टक्के स्त्रिया त्यांनी स्वतःच ‘निराशा’ म्हणून लिहून दिलेल्या आकड्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या.

वैद्यकीय हिशेबानं ही घट घसघशीत आहे. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के वजन कमी झालं तरी रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी (ट्रायग्लिसराइड्स) खाली येऊ लागतात. या स्त्रियांनी सुमारे सहावा हिस्सा वजन उतरवलं होतं. त्यांनी मनाशी ठरवलेल्या आकड्यानुसार मात्र जवळपास निम्म्या जणी नापास ठरत होत्या. तो आकडा त्यांना कोणी डॉक्टरनं दिला नव्हता. आपल्याकडेही तो दवाखान्यात ठरत नाही. लग्नाच्या वेळचं वजन, कपाटात जपून ठेवलेलं एखादं पोलकं, कॉलेजातल्या स्नेहसंमेलनाचा फोटो, नाहीतर शेजारच्या सोसायटीत कोणाचं तरी तीन महिन्यांत उतरलेलं वजन, असल्या ठिकाणाहून तो येतो.

वजन कमी करताना मन जे वरखाली होतं, त्याचा दोष सहसा त्या माणसाच्या स्वभावावर ढकलला जातो. चिकाटी नाही, जिभेवर ताबा नाही, मनावर घेत नाही. गेल्या काही दशकांत या विषयावर जे मोजलं गेलं ते पाहिल्यावर मला हा दोषारोप अन्यायकारक वाटतो. मनातली घट सरळ रेषेत चालते आणि शरीरातली घट वाकडीतिकडी. त्या दोन रेषांमध्ये जे अंतर पडतं त्यातून बरीचशी निराशा येते, आणि ते अंतर मोजता येतं.

कागदावरची सरळ रेषा

मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी १९५८ साली मांडलेला एक हिशेब आजही आहारतक्त्यांत आणि मोबाइलमधल्या ॲपमध्ये जागोजागी भेटतो. त्यांच्या मते एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. किलोत सांगायचं तर साधारण ७,७००. रोज अमुक कॅलरी कमी खाल्ल्या की इतक्या दिवसांत इतके किलो कमी होणार, हे त्यावरून सरळ भागाकारानं काढतात.

समजा एका बाईंनी रोजच्या खाण्यातून २४० कॅलरी काढल्या, म्हणजे ढोबळमानानं तूप लावलेल्या दोन पोळ्या. जुन्या हिशेबानं वर्षाला ८७,६०० कॅलरी वाचल्या, म्हणजे ११ किलोंच्या वर वजन जायला हवं. याच चालीनं तीन वर्षांत ३४ किलो. असं कोणाचंच होत नाही, हे कोणत्याही घरात विचारलं तरी कळेल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केविन हॉल यांनी २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये याची दुरुस्ती मांडली. वजन उतरतं तसा शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. लहान देह चालवायला कमी इंधन लागतं. त्यामुळे रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची घट केली तर शेवटी साधारण एक किलो वजन कमी होतं. तेही लगेच नाही : निम्मी घट व्हायला सुमारे एक वर्ष लागतं आणि ९५ टक्के घट व्हायला सुमारे तीन वर्षं.

आता त्याच बाई घेऊ. २४० कॅलरी कमी म्हणजे शेवटी १० किलो, पहिल्या वर्षअखेर ५. त्यांनी वर्षभर एकही दिवस न चुकता नेम पाळला तरी त्यांच्या वहीत ११ लिहिलेले असतात आणि काटा ५ दाखवतो. मधल्या सहा किलोंना कारण शोधावं लागतं. माणूस ते स्वतःत शोधतो : माझंच कुठेतरी चुकतंय, मी चोरून खाते का, माझा देहच असा. मुळात चूक भागाकारात होती. वर्षभर प्रामाणिकपणे कमी जेवलेल्या माणसाला अपराधी वाटायला लावणारा हा हिशेब अजून छापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

काट्यावरचा आकडा कशाचा असतो

पुष्कळ घरांत सकाळी हे दृश्य दिसतं. पाणीही न पिता, हातातल्या बांगड्या काढून ठेवून, पलंगाखालचा काटा पायानं ओढून घ्यायचा. आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. ७२.४. काटा उचलून शेजारच्या फरशीवर ठेवायचा, पुन्हा चढायचं. ७२.१. मग तेच खरं मानायचं आणि त्या दिवसाचा चहा जरा हसत प्यायचा. काल ७१.६ होतं हे आठवलं तर तेही नाही.

या दृश्यातली मापं तपासू. रोज ५०० कॅलरींची तूट म्हणजे बऱ्यापैकी कडक आहार. त्यातून दिवसाला जळणारी चरबी ५०० भागिले ७,७००, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम. घरगुती डिजिटल काटा १०० ग्रॅमच्या टप्प्यानं वाचतो. म्हणजे काल आणि आज यांच्यात चरबीत झालेला खरा बदल त्या काट्याच्या एका टप्प्याएवढाही नसतो. उलट अंगातलं पाणी, पोटातलं अन्न आणि आतड्यातला मळ यांमुळे एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. रात्री पापड-लोणच्यासकट जेवण झालं की मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीच्या दिवसांत बऱ्याच जणींचं वजन तात्पुरतं अर्धा किलो किंवा थोडं जास्त वाढतं. आदल्या दिवशी नवा व्यायाम केला असेल तर दुखावलेले स्नायू पाणी धरतात. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त मेहनत केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी काटा वर जाऊ शकतो.

पहिल्या आठवड्याचा आनंदही याच पाण्यातून येतो. यकृतात आणि स्नायूंत साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं, विशेषतः भात-पोळी-साखर, अचानक कमी केलं की हा साठा रिकामा होतो आणि त्यासोबत दीड-दोन किलो निघून जातात. ‘आठवड्यात दोन किलो’ ही जाहिरात अशा वेळी खोटी ठरत नाही, पण त्या दोन किलोंत चरबी थोडीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरी चरबी कमी व्हायला लागते आणि काटा मात्र मंदावतो. चरबी घटत असताना माणूस खचतो आणि पाणी गेलं तेव्हा तो पेढे वाटायला निघाला होता.

फिनलंडमधल्या व अमेरिकेतल्या संशोधकांनी ८० जणांची रोजची वजनं तपासून २०१४ साली दाखवलं की आठवड्यालाही एक ताल असतो. शनिवार-रविवारनंतर वजन चढलेलं असतं आणि शुक्रवारपर्यंत उतरतं. ज्यांचं वजन दीर्घकाळात कमी होत होतं त्यांच्यातही हा चढउतार होताच, किंबहुना जास्त ठळक होता. सोमवारी सकाळी वजन करून आठवडाभर उदास राहणारे लोक आठवड्यातला सगळ्यात फसवा दिवस निवडतात. सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहिली की पाण्याचा गोंधळ बराच निवळतो. ज्यांना रोजच्या आकड्यानं घुसमटायला होतं त्यांनी पंधरवड्यातून एकदा कमरेला टेप लावणं बरं.

भूक किती वाढते

पुढचे आकडे वजन उतरल्यानंतरचे आहेत आणि माझ्या मते या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी १३.५ किलो उतरले. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारी लेप्टिन आणि पेप्टाइड वाय-वाय ही संप्रेरकं घटली. इथवर अपेक्षितच होतं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला आणि गाजला तो वर्षानंतरच्या मोजणीमुळे. वर्ष उलटूनही ती संप्रेरकं मूळ पातळीला आली नव्हती. लोक सुरुवातीपेक्षा जास्त भुकेले होते आणि उतरलेल्या वजनापैकी साडेपाच किलो परत आले होते.

ही भूक किती, तेही हॉल यांच्या गटानं २०१६ साली मोजलं. त्यासाठी त्यांनी मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतली माहिती वापरली. या औषधानं लघवीवाटे साखर निघून जाते, म्हणजे आपल्या कॅलरी जाताहेत हे रुग्णाला जाणवत नाही. त्यामुळे वजन घटलं की शरीर स्वतःहून किती जास्त खायला लावतं हे स्वच्छ कळलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज पूर्वीपेक्षा ५०० कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात आणि त्याला खायच्या असतात पूर्वीपेक्षा कमी. ‘पहिले दोन महिने मला काहीच वाटलं नाही, आता मात्र सारखं खायला हवंसं वाटतं’ असं आहारतज्ज्ञांना नेहमी ऐकावं लागतं. निश्चय तोच असतो, त्याच्यावरचं ओझं दर किलोगणिक वाढत गेलेलं असतं.

टोकाचं उदाहरण ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेचं. तिथल्या १४ स्पर्धकांचं वजन ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरलं. सहा वर्षांनी त्यातले ४१ किलो परत आले होते. वजन परतलं तरी विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च परतला नाही : त्या वयाच्या आणि त्या वजनाच्या माणसाचा जितका असायला हवा त्यापेक्षा तो दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला. कॅमेऱ्यासमोर कौतुक झालेले हे लोक सहा वर्षं रोज एका जेवणाएवढी तूट सोसत जगत होते आणि पाहणारे म्हणत होते, बघा, पुन्हा सुटले.

उपाशी शरीर मनाचं काय करतं, याचा सर्वांत सविस्तर लेखाजोखा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात युरोपातले लोक उपासमारीनं खंगत होते आणि त्यांना पुन्हा कसं उभं करायचं हे शोधण्यासाठी तिथले संशोधक अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. आधी त्यांना रोज सुमारे ३,२०० कॅलरी मिळत. मग २४ आठवडे तो आहार जवळपास निम्म्यावर, सुमारे १,५७० कॅलरींवर आणला आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. एक चतुर्थांश वजन गेलं.

निरोगी म्हणून पारखून घेतलेली ही मुलं काही महिन्यांत चिडखोर, उदास, एकलकोंडी झाली. बोलणं जेवणाभोवती फिरू लागलं. कधी स्वयंपाकघरात न गेलेले तरुण पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसत. ताटातलं अन्न पुढे-मागे सरकवत, पाणी घालून वाढवत, एकेक जेवण दोन-दोन तास पुरवत. पुन्हा भरपेट खायला मिळू लागल्यावरही काहींना महिनोन्‌महिने तृप्ती वाटेना. सडपातळ तरुणांवरची ही उपासमार आणि ९० किलोंच्या माणसाचा बेतशीर आहार एक नव्हे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण अनेक झटपट योजनांत १,२०० कॅलरींचे, कधी त्याहूनही कमीचे तक्ते सर्रास हातात ठेवतात. चौथ्या आठवड्यात घरातल्या मुलांवर विनाकारण खेकसणारी आई किंवा कार्यालयात भरकन चिडणारा साहेब वाईट स्वभावाचे झालेले नसतात. ते उपाशी असतात.

‘आता मोडलंच आहे तर’

मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना चवीची चाचणी आहे असं सांगून काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. मग आइस्क्रीम समोर ठेवलं, हवं तितकं खा म्हटलं. एरवी जेवणावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, हे साहजिक. सतत तोलूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र उलट केलं : मिल्कशेक न घेता त्या आइस्क्रीमला जपून हात लावत होत्या आणि मिल्कशेक घेतल्यावर जास्त खात होत्या. नेम एकदा मोडला की तो दिवस गेलाच, मग हात कशाला आखडायचा?

आपलं वर्ष बघितलं तर नेम मोडण्याचे प्रसंग जागोजाग पेरलेले आहेत. संक्रांतीचे लाडू, होळीची पुरणपोळी, उन्हाळ्यात आमरस, श्रावणात एकामागून एक सण, मग गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. उपवासाला तर साबुदाण्याची खिचडी असते : कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, शेंगदाण्याच्या कुटात त्याच्या दीडपटीहून अधिक. बाईनं एकादशी धरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी काटा वर जातो, तेव्हा तिला देवानंही साथ सोडल्यासारखं वाटतं.

मोदकाचा हिशेब करू. तूप घातलेल्या एका उकडीच्या मोदकात दीडशे ते दोनशे कॅलरी धरा. पाच मोदक खाल्ले तर फार तर हजार. त्यातून चरबी वाढली तर जास्तीत जास्त १३० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काट्यावर एक किलो वाढलेलं दिसतं ते बहुतेक पाणी आणि ग्लायकोजेन. एक किलो पाहून ‘गणपती होऊ देत, मग बघू’ असं म्हटलं जातं. गणपतींनंतर पितृपंधरवडा, मग नवरात्र, आणि दिवाळीपर्यंत काटा पलंगाखालून बाहेर येत नाही. नुकसान पाच मोदकांनी फारसं झालेलं नसतं. पुढच्या दोन महिन्यांनी होतं.

अशा तऱ्हेनं सोडून दिलेला प्रयत्न पुन्हा सुरू करताना माणूस पुन्हा अवास्तव ध्येय ठरवतो, हे जॅनेट पोलिवी आणि हर्मन यांनी पुढे दाखवून दिलं. ‘यंदा नक्की’ म्हणताना क्षणभर फार बरं वाटतं, जणू काम झालंच. त्याला त्यांनी खोट्या आशेचा विकार म्हटलं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत घरोघर पोचली. ऋजुता दिवेकर यांचं थोड्या-थोड्या वेळानं आणि आपल्या मातीतलं खाण्याचं म्हणणंही तितकंच पोचलं. दोन्हींचे अनुयायी एकाच सोसायटीत, कधी एकाच घरात असतात. कोणती पद्धत चांगली यावर त्यांचे वाद रंगतात. एक सोडून दुसरी धरली की पहिल्या आठवड्याचं पाणी पुन्हा उतरतं आणि आशा पुन्हा उजळते, हे मात्र त्या वादात येत नाही.

उदासी आधी की वजन आधी

दोन्ही. लुपिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १५ दीर्घकालीन अभ्यास, म्हणजे ५८ हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. स्थूल माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त होती. नैराश्य असलेल्या माणसाला पुढे स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त होती.

मग वजन उतरलं की मन हलकं होतं का? इथे आकडे दोन बाजूंना ओढतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या १,९७९ जाड प्रौढांकडे चार वर्षांच्या अंतरानं पाहिलं. ज्यांनी ५ टक्के किंवा जास्त वजन उतरवलं होतं त्यांचा रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स सुधारले होते. पण त्यांच्यात उदास वाटण्याचं प्रमाण, गंभीर आजार आणि घरातल्या मोठ्या घटनांचा परिणाम वगळूनही, वजन स्थिर राहिलेल्यांपेक्षा जास्त होतं. तशी शक्यता ५२ टक्क्यांनी अधिक होती. वजन घटल्यामुळेच उदासी आली असं यावरून सिद्ध होत नाही, पण वजन घटलं की आनंद आपोआप येतो हेही टिकत नाही.

दुसरीकडे अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत मधुमेह असलेले ५,१४५ जण होते. त्यातल्या निम्म्यांना पहिले सहा महिने जवळपास दर आठवड्याला बोलावलं जाई, महिन्यातून तीनदा गटात आणि एकदा एकट्याला. वर्षभरात त्यांचं वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी घटलं आणि नैराश्याची ठळक लक्षणं नव्यानं दिसणाऱ्यांचं प्रमाण ६.३ टक्के राहिलं. फक्त अधूनमधून माहिती मिळालेल्या दुसऱ्या गटात ते ९.६ टक्के होतं. आठ वर्षांनीही पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांनी किमान ५ टक्के घट टिकवली होती. ‘सगळ्यांचंच परत येतं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

इंग्लंडमधल्या अभ्यासात कोणालाही असा कार्यक्रम दिलेला नव्हता. ‘लुक अहेड’मध्ये दर आठवड्याला विचारणारं माणूस होतं. एवढ्यावरून कार्यकारण ठरत नाही, हे मान्य. तरी या दोन आकड्यांमधला फरक मला तिथेच शोधावासा वाटतो.

आणि विचारणारे कसे विचारतात त्यालाही वजन आहे. हळदीकुंकवाला किंवा बारशाला गेलं की पहिलं वाक्य देहावर येतं. ‘अंगानं सुटलीस गं!’ आणि खरंच उतरलं असेल तर, ‘अगंबाई, वाळलीस की! बरं नाही का?’ पुरुषांना पोटावर थाप मारून विचारतात. मायेनं बोललेलं असतं असं म्हणतात. अमेरिकेत २००६ ते २०१० या काळात ६,१५७ जणांचा मागोवा घेतला गेला. वजनावरून भेदभाव सोसावा लागला असं सांगणाऱ्यांपैकी जे आधी स्थूल नव्हते, ते पुढे स्थूल होण्याची शक्यता अडीच पट होती. इंग्लंडमधल्या २,९४४ जणांत चार वर्षांत असे लोक सरासरी ०.९५ किलोंनी वाढले, तर इतर ०.७१ किलोंनी उतरले. टोचून बोललं की माणूस सुधारतो, हा समज या आकड्यांत कुठेही बसत नाही.

आपल्याकडचं माप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल होते. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण २४ आणि २२.९ टक्के झालं. महाराष्ट्रात २३.४ टक्के स्त्रिया, गोव्यात ३६.१ टक्के. ही मोजणी उंचीच्या प्रमाणात वजनावरून, म्हणजे बीएमआय २५ च्या वर, अशी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत पोटाचा घेरही मोजला, तेव्हा पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत निघाली, सर्वसाधारण स्थूलता २८.६ टक्क्यांत.

या फरकाचं सर्वांत बोलकं चित्र पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. तोच बीएमआय, आत दुपटीहून जास्त चरबी. आपल्याकडे म्हणूनच बीएमआय २३ पासूनच जपायला सांगतात आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

काट्यावर सगळं दिसत नाही, याची एक चांगली बाजू क्वचित सांगितली जाते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षं चाचणी केली आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. काहीच वेगळं न केलेल्यांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं बदललेल्यांत ३९.३ टक्के. धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि या लोकांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. त्यांच्यापैकी कोणी फक्त काट्याकडे पाहत असतं तर तीन वर्षं वाया गेली असंच म्हणालं असतं.

अलीकडे नवी इंजेक्शनंही चर्चेत आली आहेत. २०२५ साली भारतात वजनासाठी टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड मिळू लागली. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं, नुसत्या सल्ल्यानं २.४ टक्के. अनेक रुग्ण सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचारच थांबला. भूक संप्रेरकांची असते, चारित्र्याची नव्हे, याचा याहून थेट पुरावा कोणता? पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. सुमित्रन यांच्या अभ्यासात जे दिसलं होतं तेच. सुरू करण्याआधी हे रुग्णाला सांगितलं गेलं नाही तर औषध सुटल्यावर तो पुन्हा स्वतःलाच दोष देईल.

अमेरिकेत १९९४ पासून घट टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यात १० हजारांहून अधिक लोक आहेत, सरासरी ३० किलो उतरवून साडेपाच वर्षं टिकवलेले. ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, तीन चतुर्थांश आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. हे स्वतःहून नाव नोंदवलेले यशस्वी लोक आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पण त्यांच्याकडून मिळालेली एक गोष्ट खचलेल्या माणसाला मुद्दाम सांगावीशी आहे : दोन ते पाच वर्षं घट टिकवली की ती पुढेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते. सगळ्यात अवघड काळ पहिल्या वर्ष-दोन वर्षांचा असतो आणि नेमक्या त्याच काळात कौतुक संपलेलं असतं.

आपल्याकडे या काळात रुग्णाच्या हाती काय असतं? बहुतेक वेळा छापील आहारतक्ता आणि ‘तीन महिन्यांनी या’. ‘लुक अहेड’मधल्या माणसाला त्या तीन महिन्यांत डझनभर वेळा कोणीतरी भेटलेलं असे. दर आठवड्याला बोलावणं सरकारी दवाखान्यात कठीण आहे हे मला कळतं. आशाताई, योगवर्ग, महिला बचतगट, सकाळी टेकडीवर जाणारे गट, यांतलं काहीतरी त्या जागी उभं करता येईल. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी ८० किलोंच्या माणसाला ‘आपलं लक्ष्य ४ ते ६ किलो, एक वर्ष’ असं लिहून द्यावं आणि वहीत वजनाशेजारी कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि झोपेचे तास यांचे रकाने आखावेत. आणि पाचवा रकाना मनाचा. सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, कशात रस राहिला नसेल, चोरून भरमसाट खाणं आणि मग ओकून काढणं किंवा दिवसेंदिवस उपाशी राहणं सुरू झालं असेल, तर आहार तिथेच थांबवून मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.